पाचवी पुरचुंडी

त्या बुधवारी सकाळी मी गिरणीच्या शेडात एकटी उभी होते. पाच पोत्यांची तोंडं सोडून झाली होती आणि खाली ताडपत्रीवर चार पुरचुंड्या पडल्या होत्या. पाचवी सापडत नव्हती.

आधी वाटलं, मोजण्यात चुकले. परत मोजल्या. चारच. पाचव्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला, तांदूळ ढवळला, तळाला बोटं टेकली. काही लागलं नाही. तेव्हा लक्षात आलं की पोत्यात माझा हात तळापर्यंत पोचायलाच नको होता. दोन दिवसांपूर्वी मी परभणीला गेले तेव्हा ते गच्च भरलेलं होतं. आता निम्मं होतं. मी ते ताडपत्रीवर पालथं केलं, तांदूळ हातानं पसरला, गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा चाचपला. तांदूळच तांदूळ होता, पुरचुंडी नव्हती.

त्या पुरचुंडीत विष होतं. ते तिथं मीच ठेवलं होतं, कुणालाही न सांगता.

आमचं गाव येलदरीच्या धरणाखाली, कालव्याच्या अंगाला. परभणी जिल्ह्यात भात पिकतो म्हटलं तर खुद्द परभणीची माणसं हसतात. पण कालव्याचं पाणी झिरपून चिबडलेल्या रानात कापूस पिवळा पडतो, सोयाबीन कुजतं. तिथं साळच तग धरते. गावातली पंधरा-वीस घरं साळ लावायची आणि भरडायला जिंतूरच्या पलीकडं न्यायची. तिथल्या जुन्या यंत्रात तांदूळ कमी आणि कणी जास्त निघायची. म्हणून मी आणि माझ्या धाकट्या जावेनं बचत गटातून एक लहान गिरणी घेतली. वरून साळ ओतली की पुढून तांदूळ, मागून तूस आणि खालून कोंडा. यंत्र जाऊ चालवायची. रोलर किती आवळायचा, पट्टा कधी ढिला झाला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. गिऱ्हाइकाशी बोलणं, पोती लावणं, माल राखणं हे माझं काम. भरडाईशिवाय आम्ही गावातली साळ विकत घेऊन, तांदूळ करून थोडा विकतही होतो. तीन वर्षं बरं चाललं होतं.

त्या वर्षी चैत्रात तांदळाला सोंडे लागले. मी ऊन दिलं, चाळलं, कडुलिंबाचा पाला घातला. तरी एक दिवस जिंतूरची एक बाई दहा किलोची पिशवी घेऊन परत आली आणि चार गिऱ्हाइकांपुढं आमच्या पायरीवर तिनं ती उलटी केली. तांदूळ चालत होता. "हे माझ्या लेकरायला घालू का?" एवढंच ती म्हणाली. मी खाली मान घालून तांदूळ गोळा केला. चारचौघांत अशी मान खाली घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दोन दिवसांनी मी जिंतूरच्या दुकानातून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं भलं केलं, बजावून सांगितलं. हवा लागली की ह्यातनं विषारी वायू सुटतो, उघड्या हातानं धरू नका, माणसं झोपतात त्या खोलीत ठेवू नका, मुदत झाली की काढून टाका, मग धान्य दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. मी सगळ्याला मान हलवली.

गिरणी घेतली त्याच वर्षी जावेनं मला एक गोष्ट सांगितली होती. तिच्या माहेरी, तिच्या मामाच्या घरी, गव्हाच्या कणग्यांत ह्याच गोळ्या ठेवल्या होत्या. थंडीचे दिवस, म्हणून घरची माणसं दार लावून त्याच खोलीत निजली. सकाळी मामी आणि तिची सून उठल्याच नाहीत. जाऊ तेव्हा सासरी नव्हती आली, लहान होती. तिनं ती खोली पाहिली होती. "बाई," ती म्हणाली होती, "बाकी तुमी म्हणाल ते करू. पण ती गोळी ह्या शेडात आली की मी घरी."

म्हणून मी तिला सांगितलं नाही. ती माहेरच्या जत्रेला गेली होती त्या दुपारी मी तोंडाला पदर बांधला, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गोळ्या बांधून विकायच्या पाच पोत्यांत एकेक पुरचुंडी ठेवली. वरून प्लास्टिक आवळलं. शेड घरापासून लांब, तिथं कुणी झोपत नाही. मुदत झाली की काढू, वारा देऊ, कुणाला पत्ता लागणार नाही. असा माझा हिशेब होता.

मुदत सोमवारी भरत होती. रविवारी संध्याकाळी परभणीहून फोन आला की धाकट्या बहिणीला ऑपरेशनला नेतायत. मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं गेले. पोत्यांची आठवण मला दवाखान्याच्या बाकावर आली, पण वाटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय. बुधवारी पहिल्या बसनं परत आले आणि घरी न जाता आधी शेडात गेले.

जाऊ झाडणी घेऊन आली तेव्हा मी ताडपत्रीवर बसले होते.

"कवा आलात बाई? आन् हे काय पसरून बसलात?"

"ह्या पोत्यातला तांदूळ कुणाला दिलास?"

"चारठाण्याच्या गुरुजींना. काल साळ घेऊन आले होते. साळ लय वाळलेली, भरडायला घेतली तर निम्मी कणीच. आज त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण हाय, तांदूळ कमी पडायला लागला. मग म्हणलं, कशाला अडवायचं, आपल्यातला वीसेक किलो त्यांच्या पोत्यात ओतला." ती थांबली. "का? काय झालं?"

गुरुजींना मी ओळखत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, धोतर नाही पण टोपी घालणारे, कालव्याच्या अंगाला त्यांचं थोडं रान होतं. भरडताना यंत्राशेजारी उभं राहून ते जावेला मशीनची माहिती विचारायचे, जणू काही परीक्षा घेतायत.

"अगं, मी त्यात गोळ्या ठेवल्या होत्या," मी म्हणाले. "पाच. चार सापडल्या."

मला वाटलं ती ओरडेल. तिचा चेहरा नुसता रिकामा झाला. तिनं ताडपत्रीवरच्या पुरचुंड्यांकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली. मग म्हणाली, "जेवण कधी हाय म्हणाले होते ते... बाराला. बारा म्हणाले होते."

साडेदहा वाजत आले होते.

गिऱ्हाइकांच्या वहीत गुरुजींचा नंबर होता. लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. परत लावला. चारठाण्यात आम्ही दुसऱ्या कुणालाही ओळखत नव्हतो. माझा नवरा यंत्राचा पट्टा आणायला सेलूला गेला होता. त्यानं फोन उचलला, मी दोन वाक्यांत सांगितलं. "तुमी निघा," तो म्हणाला, "मी इथनं चारठाण्याकडं यायला बघतो. आन् फोन सोडू नको, लावत राहा."

जावेची स्कूटी होती. मी मागं बसले. तेवढ्यात खाली उतरून शेडाला कुलूप घातलं, कारण त्या चार पुरचुंड्या अजून ताडपत्रीवर होत्या. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

जिंतूरपर्यंतचा रस्ता मी आयुष्यभर केलाय. त्या दिवशी तो संपेना. वैशाखाचं ऊन, डांबर चकाकत होतं, आणि मी एका हातानं जावेचा खांदा धरून दुसऱ्या हातानं नंबर लावत होते. वाजतोय, वाजतोय, बंद. प्रत्येक वेळी बंद झाला की डोळ्यांपुढं एक चूल यायची. तिच्यावर पातेलं, पातेल्यात आधण, आणि कुणीतरी सुपातला तांदूळ आधणात सोडतंय. पुरचुंडी कोणी पाहिली असेल का? पाहिली असेल तर ओळखली असेल का? एखादीला वाटलं असेल, कापराची पुडी आहे, राहू दे देवापाशी. फडकं सुटलं असेल तर? गोळी विरून झालेली राख तांदळात मिसळली असेल तर धुताना निघेल का? मला काहीच माहीत नव्हतं. दुकानदारानं सांगितलं तेवढंच मला माहीत होतं, आणि त्यातलंही मी पाळलं नव्हतं.

आणि ती पोरगी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सातवा महिना. पहिला घास तीच घेणार.

जाऊ रस्त्यावर नजर ठेवून गाडी पळवत होती. मी मधेच म्हणाले, "तुला सांगायला पाहिजे होतं मी." तिनं मान वळवली नाही. "आता बोलू नका बाई. मला गाडी चालवू द्या."

जिंतूरच्या चौकात उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तिनं गाडी थांबवली, कारण समोरून ट्रॅक्टरची रांग येत होती. मी परत नंबर लावला आणि ह्या वेळी कुणीतरी उचलला. बाईचा आवाज होता, मागं लाऊडस्पीकरवर गाणी.

"हॅलो! गुरुजी आहेत का? मी गिरणीवरून बोलतेय! तांदूळ शिजवू नका! तांदूळ..."

"हां हां, या या!" बाई ओरडली. "ऐकू यायला न्हाई! मंदिराच्या अंगानं या, मांडव दिसतोय बघा! लवकर या, पंगत मांडायलेत!"

"अहो, ऐका! भात..."

"हां, भात झालाय, सगळं झालंय, या तुमी!" आणि फोन बंद.

भात झालाय. मी ते जावेला सांगितलं नाही. पण तिनं ऐकलं असावं, कारण शेवटचा ट्रॅक्टर पुरता जायच्या आत तिनं गाडी त्याच्या बाजूनं काढली. ट्रॉलीची कड माझ्या गुडघ्याला घासली. लुगडं फाटलं ते मला घरी गेल्यावर कळलं.

पुढच्या रस्त्यात मी नवस बोलत होते. कुणाला काय बोलले तेही आठवत नाही. भीतीनं माणूस लहान होतो. मी देवाला असंही म्हणाले की पुरचुंडी सापडू दे पण माझं नाव येऊ देऊ नको. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणाले होते. त्या वाटेवर काही वेळ मला त्या पोरीपेक्षा माझी जास्त काळजी होती. पोलीस, बेडी, गावात तोंड. मग परत पोरगी डोळ्यांपुढं यायची.

चारठाण्यात शिरलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. जुन्या देवळाच्या पलीकडं एका घरापुढं मांडव होता. जावेनं गाडी मांडवाच्या तोंडाशी नेऊन तशीच टाकली. मी आत धावले.

बायकांच्या दोन ओळी समोरासमोर बसल्या होत्या. पानं वाढलेली होती. प्रत्येक पानावर भाताची मूद, वर वरण, तूप. मधोमध चौरंगावर फुलांचे दागिने घातलेली ती पोरगी बसली होती, आणि तिच्या पुढ्यात गुरुजी उभे होते, हातात वाटी.

"खाऊ नका!" मी ओरडले. "भात खाऊ नका! कुणी भात खाऊ नका!"

स्पीकर चालूच होता. बायका वळून बघायला लागल्या. काही हसल्या, त्यांना वाटलं डोहाळजेवणाची काहीतरी गंमत आहे. जाऊ माझ्या मागून आली, तारेला हिसका देऊन स्पीकर बंद केला आणि त्या शांततेत स्पष्ट म्हणाली, "तांदळात विषाची गोळी गेलीय. हात धुवा सगळ्याजणी."

एका म्हातारीनं नातवंडाच्या हातातलं पान उडवून दिलं. मग सगळ्या एकदम उठल्या.

"कुणी खाल्लं का?" मी विचारत सुटले. "कुणी खाल्लं?"

कुणीच खाल्लं नव्हतं. आणि का नव्हतं, ते मला त्या पोरीनं सांगितलं. ती चौरंगावरच बसून होती, पोटावर दोन्ही हात. सकाळपासून तिला त्या तांदळाचा वास येत होता. लसणासारखा, कुजक्या लसणासारखा. पोतं उघडलं तेव्हापासून. तिनं आईला सांगितलं, मावशीला सांगितलं, सासूला सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, हे डोहाळेच गं, सातव्यात असं होतंच, मला तर दुधाचा वास यायचा. पंगत बसली तरी तिनं घास घेतला नाही. आणि जिचं डोहाळजेवण तिनं घास घेतल्याशिवाय बाकीच्या कशा घेणार? पंधरा मिनिटं सगळ्या पानं पुढं ठेवून तिची समजूत घालत होत्या.

"मग बाबा आले," ती म्हणाली. "म्हणाले, बघ, मी खातो. काही वास नाही."

गुरुजी अजून वाटी घेऊन उभे होते. वाटी निम्मी रिकामी होती.

"किती खाल्लात?" जावेनं विचारलं.

"दोन घास," गुरुजी म्हणाले. मग शाळेत चुकीचं उत्तर दिल्यासारखे हळूच म्हणाले, "तीन."

पोरीची सासू माझ्यापुढं आली. परगावची बाई होती. तिनं माझा दंड धरला. "माझी सून मारायला निघाली होतीस का? माझं नातवंड?" मी म्हणाले, "चूक माझी आहे. आधी गुरुजींना दवाखान्यात नेऊ, मग मला काय करायचं ते करा." कुणीतरी पोलिसांना फोन लावा म्हणालं. कुणीतरी गाडी काढायला धावलं.

तेवढ्यात जाऊ आत गेली होती. घरातल्या एका बाईला घेऊन तिनं माजघरातलं तांदळाचं पोतं ओढत अंगणात आणलं, चादर अंथरली आणि त्यावर ओतलं. मी दारातून बघत होते. जिच्या मामीचा त्या गोळीनं जीव गेला होता, ती तोंडाला पदर बांधून उघड्या हातानं तांदूळ उपसत होती. मी म्हणाले, हात नको लावू, काठी घे. तिनं ऐकलं नाही.

पुरचुंडी ढिगाच्या तळाशी होती. गाठ जशीच्या तशी. फडकं कुठंही सुटलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. तिनं ती दोन काटक्यांत धरून एका बरणीत टाकली, झाकण लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "डॉक्टरला दाखवायला," ती म्हणाली. त्या क्षणी मला रडू फुटलं, आणि ती म्हणाली, "रडू नका. अजून काय झालंय ते माहीत न्हाई."

ते खरंच होतं. गाठ सुटली नव्हती, पण गुरुजींच्या पोटात तीन घास गेले होते, आणि वास तर त्या सगळ्या तांदळाला लागला होता. गावातल्या दवाखान्यात त्यांना तपासलं आणि जिंतूरला न्यायला सांगितलं. जीपमध्ये ते मधल्या सीटवर, शेजारी त्यांची बायको, मागं मी. जाऊ पोरीपाशी थांबली, कारण पोरगी घाबरली होती आणि तिच्याजवळ कुणीतरी शांत माणूस पाहिजे होतं. अर्ध्या रस्त्यात गुरुजींनी जीप थांबवायला लावली आणि कडेला वाकून ओकले. त्यांच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपुढं शिव्या परवडल्या असत्या.

जिंतूरच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर तरुण होते. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली, गोळी कधी ठेवली, किती दिवस झाले, भात धुतला होता का, किती शिजला, सगळं विचारलं. मी एकेक खरं सांगितलं. ते म्हणाले, "फडकं फुटलं नाही हे मोठं नशीब. धुऊन शिजवलेल्या भातात फारसं राहिलं नसावं. पण वय आहे, बीपी आहे. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू, नाडी बघत राहू. खात्री मी आत्ता देणार नाही."

मग मी त्या वऱ्हांड्यात बसले. दर थोड्या वेळानं नर्स आत जायची, बाहेर यायची. तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचा आणि काही कळायचं नाही. माझ्याच अंगाला तो लसणाचा वास येतोय असं मला वाटत होतं. दोनदा नळावर हात धुतले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा समोरची एक बाई म्हणाली, "काय लागलंय हाताला, माय?" मी काही नाही म्हणून बसले.

चारच्या सुमारास नवरा आला. सेलूहून मिळेल त्या गाडीनं चारठाण्याला जाऊन, तिथून जिंतूरला. तो माझ्यावर ओरडला नाही, शेजारी बसला. खांद्यावर यंत्राचा नवा पट्टा तसाच होता. नंतर एक पोलीस आले, कारण रुग्णालयातून नोंद गेली होती. त्यांनी माझं सगळं लिहून घेतलं. सही करताना मला अक्षरं दिसत नव्हती. मग ते गुरुजींचा जबाब घ्यायला आत गेले. दार अर्धं उघडं होतं आणि मला गुरुजींचा आवाज ऐकू आला, खडखडीत, वर्गात शिकवावं तसा.

"लिहा. अपघात झाला. गिरणीच्या बाई स्वतः धावत येऊन सांगून गेल्या. आणि हेही लिहा की माझी मुलगी सकाळपासून सांगत होती, आणि आम्ही कुणी तिचं ऐकलं नाही. हे लिहा."

"गुरुजी, ते लिहायचं काही..."

"लिहा म्हणतो ना."

सूर्य मावळायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना घरी जायला सांगितलं. बाहेर येताना ते माझ्यापुढं थांबले. मी पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. "नको," म्हणाले. "मी तुमच्यावर रागावलोय. फार रागावलोय. पण तुम्ही आलात. घरी बसून वाट बघणारीही माणसं असतात." आणि बायकोचा हात धरून जीपकडं गेले.

गिरणी आम्ही बंद ठेवली. त्या पाच पोत्यांतला तांदूळ आणि चार पुरचुंड्या कृषी कार्यालयातल्या माणसाला विचारून, तो सांगेल तसं, रानात विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरल्या. झालेली गोष्ट लपवायची नाही, असं मी ठरवलं होतं. गटाच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं. काही बायका म्हणाल्या, गिरणी विकून टाका. एकीनं मला घरी बोलावून चहा दिला, पण कपात दूध ओतताना मी भांड्याला हात लावला तर तिनं ते नकळत ओढून घेतलं.

जाऊ माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. महिना गेला, दुसरा लागला. एक दिवस आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "मी तुमाला मामीचं सांगितलं होतं ना बाई?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी म्हणाले, "ती बाई पायरीवर तांदूळ ओतून गेली, त्याची मला जास्त भीती वाटली."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "आता कुणाची वाटते?" मी फोडलेले दाणे तिच्या टोपल्यात ओतले. त्या दिवसापासून ती परत माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसायला लागली.

श्रावणात गुरुजींचा फोन आला. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी हातातलं काम टाकून फोन उचलला. दोन महिने रोज मी ह्या फोनला भीत होते. "मुलगी झाली," ते म्हणाले. "दोघी खुशाल आहेत. तुम्हाला कळवावं असं लेक म्हणाली." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. ते पुन्हा आमच्याकडं साळ घेऊन आले नाहीत. दुसरीकडं भरडतात असं ऐकलं. त्यात माझी काही तक्रार नाही.

दिवाळीनंतर नवी साळ आली तेव्हा आम्ही शेड उघडलं. आता तांदूळ साठवत नाही. ज्याची साळ त्याच्यासमोर भरडायची आणि त्याच दिवशी त्याच्या पोत्यात द्यायची. विकायचा तांदूळ आठवड्याला लागेल तेवढाच काढायचा. सोंडे लागले तर लागले, चाळू, नाहीतर कोंबड्यांना घालू. पहिले दोन दिवस कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीची एक म्हातारी डोक्यावर साळीचं गाठोडं घेऊन आली.

"लय भ्याली होतीस म्हणं?" तिनं विचारलं.

"अजून भिते, आजी."

"भी," ती गाठोडं खाली ठेवत म्हणाली. "आन् सावकाश भरड. मला कणी नको."

जावेनं मोटर चालू केली. मी साळ ओतली. त्या दिवशी दुपारी लाईट गेली, आणि म्हातारीचं शेवटचं शेरभर भरडायला आम्हाला चारपर्यंत वाट बघावी लागली.